पावणेचारच्या वाऱ्याची हरकत

रंगराव चौगुल्यांनी आपल्या जुन्या गाडीतल्या एसीच्या बिनकामाच्या नळ्या बुजवायचं ठरवलं, तेव्हा त्या नळ्यांतून रोज पावणेचारला जाणाऱ्या वाऱ्याने तहसील कचेरीत हरकत घेतली. हरकत मुदतीत होती, त्यामुळे ती दाखल करून घेण्यात आली.

गाडी दुधी रंगाची, लांब नाकाची आणि स्टिअरिंगपाशी गिअर असलेली. कोल्हापुरात उद्यमनगरात अशा गाड्या बघायला लोक हातातला चहा टाकून येतात. रंगरावांनी ती पंचवीस वर्षांपूर्वी सांगलीच्या एका थिएटरवाल्याकडून घेतली. थिएटरवाल्याने हौसेने तिला एसी बसवून घेतला होता. एसी सुरू केला की गाडी चढ चढत नसे, आणि चढ चढायचा म्हटला की एसी बंद करावा लागे. नबीलाल मिस्त्रीने पहिल्याच महिन्यात कॉम्प्रेसर काढला, गार करणारी जाळी काढली, पट्टा काढला. नळ्या तेवढ्या ठेवल्या. त्या काढायच्या तर डॅशबोर्ड काढावा लागला असता, आणि एकदा काढलेला डॅशबोर्ड परत तसा बसत नाही, असं नबीलालचं ठाम मत होतं. म्हणून त्या तशाच राहिल्या: एक तोंड पुढच्या जाळीमागे उघडं, दुसरं डॅशबोर्डखाली डाव्या अंगाला उघडं, मध्ये चार फूट अकरा इंचांचा रस्ता.

वारा पहिल्याच आठवड्यापासून यायला लागला. पावणेचारला नाकातून शिरायचा, डाव्या सीटवरच्या माणसाच्या डाव्या गुडघ्यावर अकरा मिनिटं थांबायचा आणि चार वाजायला चार मिनिटं कमी असताना निघून जायचा. गाडी रस्त्यावर असो, शेडमध्ये झाकलेली असो, नाहीतर नबीलालकडे जॅकवर चढवलेली असो, त्याने खाडा केला नाही. रंगरावांना यात विशेष काही वाटलं नाही. त्यांच्या पंपांच्या वर्कशॉपमधली माणसं तरी इतकी वेळेवर कुठं येत होती?

रोज साडेतीनला वर्कशॉपमधून उठायचं, शालनबाईंना डावीकडे बसवायचं, कळंबा तलावापर्यंत चक्कर मारायची, तिथे चहा घ्यायचा आणि परत यायचं, असा रंगरावांचा बावीस वर्षांचा नेम होता. बावीस वर्षं शालनबाई त्यांना सांगत होत्या, "अहो, गुडघ्याला गार लागतंय." बावीस वर्षं रंगराव म्हणत होते, "बरंच की. लोक पैसे देऊन एसी लावून घेत्यात."

मग गुडघा धरला. डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गार वारा वर्ज्य केला आणि पायाला व्यायाम द्या म्हणाले. शालनबाई गाडीतून उतरल्या आणि ते भोक बुजल्याशिवाय परत बसणार नाही, असं सांगून घरात गेल्या. रंगरावांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. तीन वर्षं ते एकटेच चक्कर मारत राहिले. एकट्याने चहा गोड लागत नव्हता, पण हे कोणाला सांगणार? डाव्या सीटवर पावणेचारला वारा यायचा, अकरा मिनिटं थांबायचा आणि जायचा. त्याच्याशी बोलणं त्यांना जमलं नाही.

एका सकाळी शालनबाईंनी पोहे पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "येत्या पंधरवड्यात, शनिवारी, पुण्याचा एक जण गाडी बघायला येणार हाय."

"कुणाची गाडी?"

"आपली. मीच फोन केला. तीन वर्षं झाली, दोन नळ्या बुजवायला तुम्हाला सवड न्हाई. मला बसता येईना, तर ती शेडात कशापायी ठेवायची?"

रंगरावांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांना गाडी विकायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर शालनबाईंशिवाय ती चालवायचीही नव्हती. पोहे न संपवता ते नबीलालकडे गेले.

नबीलालने तासाभरात लेथवर पितळेच्या दोन टोप्या काढल्या, आतून रबर घातलं, आणि इंजिन व बैठक यांच्या मधल्या पत्र्यावर लावायला एक चकतीही कापली. सगळं टेबलावर मांडून तो हात पुसत बसला.

"लाव की आता," रंगराव म्हणाले.

"लावतो. पण काका, आधी कचेरीचा दाखला आणा. मागं एका टेंपोच्या ताडपत्रीचं भोक शिवलं मी, इचारलं न्हाई कुणाला. त्यातनं कोण तरी येतजात हुतं. तीन महिने फेऱ्या मारल्या, आणि शेवटी पंचनामा करून परत भोक पाडून द्यावं लागलं."

दाखल्यासाठी अर्ज लागतो. उद्यमनगरातल्या माणसांची अशी समजूत आहे की, सरकारी अर्जात गाऱ्हाणं जितकं मोठं करून लिहावं तितका कागद लवकर हलतो. रंगरावांनी मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'सदर वारा गेली पंचवीस वर्षे, एकही दिवस न चुकता, अखंडपणे, उघडपणे व आमच्या डोळ्यांदेखत सदर नळ्यांतून ये-जा करीत असून आम्ही त्यास आजतागायत अडविलेले नाही.' खाली सही केली, तिकीट लावलं. तहसील कचेरीच्या वारा शाखेतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला आणि अक्षर सुंदर आहे असं म्हणाला. रंगराव खूश होऊन घरी आले.

रीतीप्रमाणे गाडीच्या काचेवर नोटीस लावली गेली. नळ्या बुजवण्यास कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावं. सहाव्या दिवशी पावणेचारला वारा नळ्यांतून नेहमीसारखा गेला, बाहेर येऊन त्याने नोटीस उपटली आणि ती थेट कचेरीत शाखाप्रमुख देशिंगकर मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. नियमात हे हरकत धरलं जातं. कारकुनाने तिच्यावर आवक शिक्का मारला.

सुनावणी शुक्रवारी ठेवली, म्हणजे पुण्याचा माणूस यायच्या आदल्या दिवशी. हरकतदाराला दुसरी वेळ सोयीची नसल्याने ती पावणेचारला आणि कचेरीच्या आवारात गाडीपाशीच घ्यायचं ठरलं. देशिंगकर मॅडमसाठी खुर्ची आणली गेली. रंगराव इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. शालनबाई साक्षीदार म्हणून आल्या होत्या, रिक्षाने. नबीलाल टोप्या पिशवीत घेऊन झाडाखाली थांबला होता.

कारकुनाने तीन वेळा पुकारा केला. तिसऱ्या पुकाऱ्याला त्याने गाडीत वाकून डॅशबोर्डखाली हात धरला आणि म्हणाला, "हजर."

"वेळ अकरा मिनिटांचा आहे, थोडक्यात बोला," देशिंगकर मॅडम म्हणाल्या. "चौगुले, नळ्या तुमच्या आहेत हे मान्य. पण वीस वर्षांच्या वर अखंड वापर असेल तर वहिवाट लागू होते. शेतातली पायवाट तुम्ही नांगरू शकत नाही, तसंच हे. तर वापर अखंड होता का?"

"तसा अखंड म्हणजे..." रंगराव म्हणाले.

"तुमच्या अर्जात 'एकही दिवस न चुकता' असं आहे. 'उघडपणे' आहे. 'अडविलेले नाही' हेसुद्धा आहे." मॅडमनी कागद उलटा करून पाहिला. "हरकतदाराने वकील दिला असता तर त्यानेही इतकं चांगलं लिहिलं नसतं."

आपण तक्रार लिहिली होती की समोरच्याची बाजू मांडली होती, हे रंगरावांना उमजेना. त्यांनी नबीलालकडे पाहिलं. नबीलाल झाडाकडे बघत होता.

"साक्षीदार," मॅडम म्हणाल्या. "बाई, हा वारा कुठून कुठपर्यंत जातो?"

शालनबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "गाडीच्या नाकातनं आत येतोय. आणि माझ्या डाव्या गुडघ्यापर्यंत."

"नळीच्या तोंडापर्यंत की गुडघ्यापर्यंत? नीट आठवून सांगा."

"गुडघ्यापर्यंत. बावीस वर्षं सोसलंय, मला न्हाई तर कुणाला ठावं?"

कारकुनाने लिहून घेतलं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे वहिवाटीचं शेवटचं ठिकाण नळी नव्हे, गुडघा आहे. गेली तीन वर्षं तुम्ही गाडीत बसत नाही?"

"न्हाई बसत."

"मग गेली तीन वर्षं हरकतदार अर्ध्या वाटेवरून परत जातोय. त्याचा रस्ता नळीने नाही, तुम्ही अडवलाय."

शालनबाईंनी पदर सावरला. ज्या वाऱ्यापायी गुडघा गेला, त्याच वाऱ्याचा रस्ता अडवल्याचा ठपका आपल्यावर यावा, हे त्यांना पटलं नव्हतं, आणि रंगरावांनाही पटलं नव्हतं. पण मॅडमचं बोलणं टप्प्याटप्प्याने तपासलं तर कुठं चुकतंय ते दोघांनाही सापडेना.

"मॅडम, काहीतरी वाट काढा," रंगराव म्हणाले. "उद्या गाडी जातीया."

"वाट आहे. हरकतदाराचा तीन वर्षांचा राहिलेला मुक्काम पुरा करून द्या. तो पुरा झाला की तो हक्कसोड करेल आणि नळ्या बुजवायला शाखेची हरकत राहणार नाही." त्यांनी कारकुनाला खूण केली. कारकुनाने मोबाईलवर हिशेब मांडला, एक लीप वर्ष धरायचं का ते विचारलं, धरलं आणि सांगितलं, "दोनशे तास छप्पन्न मिनिटं."

"एवढा वेळ हिच्या गुडघ्यावर गार वारा? जमणार न्हाई," रंगराव म्हणाले. हे मात्र ते पटकन म्हणाले. शालनबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"गुडघा बदलून देता येतो. संमती लागेल."

"मग माझा घ्या."

"घेऊ. पण नळी डावीकडे उघडते, त्यामुळे तुम्ही डावीकडे बसाल. आणि मूळ वहिवाट चक्कर मारतानाची असल्याने गाडी चालती असली पाहिजे. थांबलेल्या गाडीतला वेळ धरला जाणार नाही. चालवणार कोण?"

रंगरावांनी पुन्हा नबीलालकडे पाहिलं. नबीलालने मान हलवली; त्याच्याकडे दोन इंजिनं उघडी पडली होती. मिनिटं संपत आली होती. गाडी गेली, असं रंगरावांना वाटलं, आणि त्यांना खरोखरच रडू यायला लागलं. तेवढ्यात शालनबाईंनी पर्स उघडली आणि देशिंगकर मॅडमपुढे लायसन ठेवलं.

रंगरावांनी ते उचलून पाहिलं. फोटो शालनबाईंचाच होता.

"हे कधी काढलंस?"

"तुम्ही चक्करला जात हुता तवा."

"आणि गुडघा?"

"डॉक्टरांनी पायाला व्यायाम सांगितलाय की. क्लच म्हणजे व्यायामच."

हुकूम तिथल्या तिथे लिहिला गेला. श्री. रंगराव चौगुले यांस गुडघाधारक म्हणून व सौ. शालन चौगुले यांस चालक म्हणून नेमण्यात येत आहे. मुक्काम पुरा होईपर्यंत वाहन विकता येणार नाही, नळ्या बुजवता येणार नाहीत आणि चालक बदलता येणार नाही. जेवण, झोप व देहधर्म यांसाठी सूट राहील, मात्र तो वेळ मोजला जाणार नाही. मुक्काम पुरा होईपर्यंत वारा गाडीसोबत राहील. कारकुनाने डॅशबोर्डखाली हात धरून हुकूम वाचून दाखवला आणि हरकतदाराला मान्य असल्याचं कळवलं. तेव्हा चारला चार मिनिटं कमी होती.

शनिवारी पुण्याचा माणूस आला. त्याने हुकूम वाचला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि चहा घेऊन गेला.

रविवारी सकाळी निघायचं ठरलं. रंगरावांचा बेत साधा होता. कळंब्याला जायचं, यायचं, परत जायचं. दोनशे तास होईपर्यंत. शालनबाई दोन बॅगा, पाण्याचा कॅन, घडीच्या पोळ्यांचा डबा आणि चटणी घेऊन शेडात आल्या, बॅगा डिकीत टाकल्या आणि स्टिअरिंगवर बसल्या. फाटकातून गाडी बाहेर पडली आणि कळंब्याच्या उलट्या दिशेला वळली.

"हिकडं कुठं?"

"हायवेला."

"कळंबा तिकडं राहिला."

"राहू दे," शालनबाई म्हणाल्या आणि गिअर बदलला. गिअर आवाज न करता पडला. रंगरावांच्या हातून तो कधी तसा पडला नव्हता.

वारा सुटला. रंगरावांनी गुडघ्यावर टॉवेल ठेवून पाहिला, पण तो टॉवेलमधून आत यायचा. निपाणी येईपर्यंत गुडघा बधिर झाला, बेळगाव येईपर्यंत आतून ठणकायला लागला. तरी ते वहीत वेळ लिहीत राहिले.

"शालन, लई गार लागतंय गं."

शालनबाईंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "लागतंय न्हवं?"

"तू बावीस वर्षं कसं काय बसलीस?"

"तुम्ही शेजारी हुता म्हणून," त्या म्हणाल्या. रंगरावांना एकदम इतकी लाज वाटली की त्यांनी टॉवेल काढून मागच्या सीटवर टाकला आणि गुडघा नळीच्या तोंडाशी नीट धरला.

दिवसाला आठेक तास पडत होते. शालनबाई सावकाश चालवत, चढावर घाई करत नसत आणि फाट्यावर कोणाला विचारत नसत. रंगरावांना आधी वाटलं की त्यांनी काही ठरवलेलं असणार. मग वाटलं, नसणार. बदामी झालं, हंपी झालं. पुढे डोंगर लागले, मग चहाचे मळे, मग तिन्ही बाजूंनी समुद्र. तिथे शालनबाईंनी गाडी वळवली आणि दुसऱ्या किनाऱ्याने वर निघाल्या. पाट्यांवरची अक्षरं दर दोन दिवसांनी बदलत होती आणि त्यांतलं एकही रंगरावांना वाचता येत नव्हतं. नेमकं कुठल्या गावात आहोत हे त्यांना बऱ्याचदा कळत नसे. शालनबाईंना विचारलं तर त्या गावाचं नाव सांगत, पण ते नाव रंगरावांनी कधी ऐकलेलं नसे. जेवायला थांबलं की त्या हॉटेलच्या बाईशी खुणांनी बोलत, तिच्या चुलीपाशी जाऊन येत आणि हसत परत येत. इतकं हसताना रंगरावांनी त्यांना कळंब्याला पाहिलं नव्हतं. तिथे चहा चांगला मिळायचा, पण रोज तोच.

सव्विसाव्या दिवशी दुपारी एका मोठ्या नदीच्या पुलावर रंगरावांनी वहीत बेरीज केली आणि घड्याळ पाहिलं. गुडघा आता नुसता लाकूड झाला होता, तरी त्यांना हलकं वाटलं.

"शालन, दोन मिनिटं राहिली. पूल संपायच्या आत सुटलो बघ. मग मी चालवतो, तू बस निवांत. सरळ घरी."

शालनबाईंनी पूल ओलांडला नाही. त्यांनी गाडी कठड्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. वारा थांबला.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"मागं बसा."

"अगं, दोनच मिनिटं..."

"म्हणूनच म्हणते. मागं बसा."

रंगराव उतरले. लंगडत मागच्या दाराशी गेले, बॅगा सरकवल्या आणि बसले. शालनबाईंनी आरशात त्यांच्याकडे पाहिलं. "बावीस वर्षं तुमच्याबरोबर एकच तळं बघितलं मी," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग त्यांनी क्लच दाबला आणि गाडी निघाली.

डावी सीट रिकामी होती; गुडघ्याशिवाय मिनिटं पुढे सरकणार नव्हती. रंगरावांनी खिशातून हुकूम काढला आणि दोन्ही बाजूंनी वाचला. मुक्काम पुरा होईपर्यंत वाहन विकता येणार नाही. नळ्या बुजवता येणार नाहीत. चालक बदलता येणार नाही. किती दिवसांत पुरा करायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी हुकुमाची नीट घडी घातली. आपण जिंकलो की हरलो, हे त्यांना ठरवता येईना. गाडी मात्र आपली होती आणि शालन गाडीत होती. त्यांनी मागचा टॉवेल घेऊन गुडघ्यावर पांघरला. हळूहळू गुडघ्याला ऊब आली.

नबीलालचा फोन आला. टोप्या तयार आहेत, दुकानात कामाची गर्दी आहे, काका कधी येताय, नक्की किती राहिलं?

"दोन मिनिटं," रंगराव म्हणाले.

नबीलालने पुढच्या आठवड्यात परत फोन केला, त्याच्या पुढच्याही. शेवटी त्याने दिवाळीला केला, तेव्हा रंगराव एका डोंगरी गावात रस्त्याच्या कडेला उभे राहून बर्फ बघत होते आणि शालनबाई बोनेट उघडून पाणी तपासत होत्या. तेव्हाही दोनच मिनिटं राहिली होती.